कोनराड डूडेन

कोनराड अलेक्झांडर फ्रीडरिश डूडेन (जन्म: ३ जानेवारी १८२९, मृत्यू: १ ऑगस्ट १९११) हे जर्मन भाषाअभ्यासक, कोशकार आणि माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक होते. जर्मन भाषेच्या लेखनात एकरूपता आणण्याच्या कार्यात त्यांचा वाटा मोठा आहे. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा शुद्धलेखन-कोश पुढे त्यांच्याच आडनावाने ओळखला जाऊ लागला. आज जर्मन भाषकांच्या बोलण्यात 'डूडेन' हा शब्द व्यक्तीपेक्षा ग्रंथासाठीच अधिक वापरला जातो. जसा उच्चार तसे लेखन असावे, असे डूडेन यांचे स्वतःचे मत होते. परंतु सर्वांना मान्य होईल अशी एक पद्धत आधी रूढ व्हावी, यासाठी त्यांनी आपला हा आग्रह बाजूस ठेवला.

जन्म आणि शिक्षण

डूडेन यांचा जन्म प्रशियाच्या ऱ्हाईन प्रांतातील वेझेल या नगराजवळ बॉसिग्ट नावाच्या मळ्यावर झाला. शालेय शिक्षण वेझेल येथे पूर्ण करून १८४६ मध्ये ते बॉन विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी इतिहास, जर्मन भाषा-साहित्य आणि ग्रीक-लॅटिन या अभिजात भाषा यांचा अभ्यास केला. १८४८ च्या क्रांतीचे वारे त्या वेळी जर्मन विद्यापीठांत वाहत होते. विद्यार्थ्यांच्या निदर्शनांत डूडेनही सहभागी झाले होते. पुढे विद्यापीठीय शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी फ्रांकफुर्ट येथे एका सधन कुटुंबात खाजगी शिक्षकाची नोकरी पत्करली. १८५४ मध्ये ते अध्यापनाची राज्यपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि त्याच वर्षी सोफोक्लीझच्या 'अँटिगनी' या नाटकावरील प्रबंधासाठी मारबुर्ग विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

जेनोआ आणि झोस्ट

परीक्षेनंतर डूडेन वेस्टफालियातील झोस्ट येथील शाळेत उमेदवारीसाठी रुजू झाले. मात्र ती उमेदवारी पूर्ण न करता ते खाजगी शिक्षक म्हणून इटलीतील जेनोआ येथे गेले. इटलीतील वास्तव्यात त्यांची आडेलीन याकोब यांच्याशी ओळख झाली आणि १८६१ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना सहा अपत्ये झाली. त्यांपैकी पाउल डूडेन हे पुढे रसायनशास्त्रज्ञ म्हणून नावारूपास आले.

१८५९ मध्ये डूडेन झोस्टच्या शाळेत परतले आणि सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे अध्यापन केले. इटालियन भाषेचे लेखन उच्चाराच्या बरेच जवळ आहे. अशा भाषेच्या सहवासातून परतलेल्या शिक्षकाला आता जर्मन मुलांच्या वह्या तपासायच्या होत्या, आणि जर्मन लेखनाची त्या वेळची स्थिती अगदी वेगळी होती.

तत्कालीन लेखनाची स्थिती

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन भाषक प्रदेश अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता. १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले, तरी शिक्षण हा विषय घटक राज्यांकडेच राहिला. काही राज्यांनी, तर काही ठिकाणी एकेका शाळेने, लेखनाचे आपापले नियम केले होते. एकाच शाळेतील दोन शिक्षक किंवा एकाच छापखान्यातील दोन मुद्रितशोधक यांचेही सर्व शब्दांबाबत एकमत होत नसे. वाद मिटवण्यासाठी ज्याकडे बोट दाखवावे असा प्रमाणग्रंथही नव्हता. एका वर्गात बरोबर ठरलेला शब्द पुढच्या वर्गात चूक ठरे आणि त्याचे गुण मात्र विद्यार्थ्याचे जात.

विद्वानांत दोन पक्ष होते. याकोब ग्रिम यांच्या परंपरेतील अभ्यासकांना शब्दाचे लेखन त्याच्या इतिहासाला धरून असावे असे वाटे. मध्ययुगीन जर्मन रूपांकडे पाहून आजचे लेखन ठरवावे, असा त्यांचा कल होता. दुसरा पक्ष रुडोल्फ फोन राउमर यांचा होता. लेखनाने आजचा उच्चार दाखवावा आणि रूढ लेखनात बदल करायचा तो उच्चाराच्या दिशेनेच करावा, असे त्याचे म्हणणे होते. डूडेन यांनी राउमर यांची बाजू घेतली. लेखन हे केवळ पंडितांसाठी नसून सर्व जनतेसाठी आहे आणि ज्याला जुन्या भाषा शिकण्याची संधी मिळाली नाही त्यालाही ते साध्य झाले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

श्लाइत्स येथील कार्य

१८६९ मध्ये डूडेन यांची थुरिंगियातील श्लाइत्स या लहानशा राजधानीच्या गावी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून नेमणूक झाली. शाळेत एकच लेखनपद्धत असावी यासाठी त्यांनी नियम तयार केले. त्या नियमांना विवेचनाची आणि शब्दसूचीची जोड देऊन १८७२ मध्ये त्यांनी 'डी डॉइचे रेश्टश्राइबुंग' (जर्मन शुद्धलेखन) हे पुस्तक प्रसिद्ध केले. हे पुस्तक 'श्लाइत्सचा डूडेन' या नावाने ओळखले जाते. प्रथम तत्त्वचर्चा, मग नियम आणि शेवटी व्युत्पत्तीसह शब्दांची यादी, अशी त्याची रचना होती. नियम पाठ न करताही ज्याला केवळ एखादा शब्द पाहायचा आहे त्याची सोय शब्दसूचीने होते, ही जाण या पुस्तकात दिसते. पुढील कोशाचे बीज येथेच आहे.

१८७६ ची पहिली परिषद

श्लाइत्सच्या पुस्तकामुळे डूडेन यांचे नाव सर्वत्र झाले. प्रशियाचे शिक्षणमंत्री आडालबेर्ट फाल्क यांनी जानेवारी १८७६ मध्ये बर्लिन येथे लेखनाच्या एकीकरणासाठी परिषद बोलावली. तिच्या १४ सदस्यांत राउमर, विल्हेल्म विल्मन्स, कोशकार डानिएल झांडर्स आणि डूडेन यांचा समावेश होता.

जर्मन लेखनात स्वर दीर्घ आहे हे दाखवण्यासाठी कधी 'हा' हा वर्ण घालतात, कधी स्वर दोनदा लिहितात, तर कधी काहीच करत नाहीत. 'आ', 'ओ', 'ऊ' आणि त्यांच्याशी संबंधित स्वरांपुढील ही दीर्घत्वाची चिन्हे काढून टाकावीत, असा निर्णय परिषदेत बहुमताने झाला. वृत्तपत्रांतून त्यावर टीकेचा भडिमार झाला. परिचित शब्दांचे रूप एकाएकी बदलावे हे लोकांना रुचले नाही. राज्य सरकारांनीही निर्णय स्वीकारले नाहीत आणि परिषद निष्फळ ठरली.

डूडेन यांच्या आयुष्याला या अपयशाने वळण मिळाले. तत्त्वतः योग्य असलेली सुधारणा आणि सर्वांना मान्य होणारी सुधारणा यांत अंतर असते, हे त्यांनी ओळखले. आधी एकरूपता आणि सुधारणा नंतर, असा क्रम त्यांनी स्वतःपुरता ठरवून टाकला.

हेर्सफेल्ड आणि १८८० चा कोश

१८७६ मध्येच डूडेन हेस्से प्रांतातील हेर्सफेल्ड (आजचे बाड हेर्सफेल्ड) येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९०५ पर्यंत, म्हणजे सुमारे २९ वर्षे, ते या पदावर होते. त्यांचे कोशकार्य शाळेचे कामकाज सांभाळूनच झाले.

दरम्यान बव्हेरियाने १८७९ मध्ये आणि प्रशियाने १८८० मध्ये आपापल्या शाळांसाठी नियमपुस्तिका काढल्या. प्रशियाची पुस्तिका विल्मन्स यांनी तयार केली होती. दोन्ही पुस्तिका बऱ्याच मिळत्याजुळत्या आणि जुन्या लेखनाला फारसा धक्का न लावणाऱ्या होत्या. डूडेन यांना हव्या असलेल्या अनेक सुधारणा त्यांत नव्हत्या. तरीही त्यांनी स्वतःचे निराळे नियम पुढे रेटले नाहीत. या दोन पुस्तिकांचे नियम प्रमाण मानून त्यांनी एकेका शब्दाला ते लागू केले आणि ७ जुलै १८८० रोजी लाइपझिगच्या बिब्लिओग्राफिशेस इन्स्टिटूट या प्रकाशनसंस्थेने त्यांचा 'जर्मन भाषेचा संपूर्ण शुद्धलेखन-कोश' प्रसिद्ध केला. त्यात १८७ पृष्ठे आणि सुमारे २७,००० शब्द होते. किंमत केवळ एक मार्क असल्याने शिक्षक, कारकून आणि छापखान्यातील कामगार यांनाही तो विकत घेणे शक्य झाले.

दोन पद्धतींची वीस वर्षे

प्रशियाचे नवे शालेय नियम चान्सेलर बिस्मार्क यांना पसंत नव्हते. सरकारी कामकाजात ते वापरू नयेत, वापरल्यास दंड होईल, असा आदेश त्यांनी १८८० मध्येच काढला. परिणामी मुलगा शाळेत एका पद्धतीने लिहायला शिके आणि सरकारी नोकरीत शिरल्यावर तेच लेखन चूक ठरे. ही विसंगती सुमारे वीस वर्षे टिकली. शिक्षणमंत्र्यांची आज्ञा पाळणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याच्या हाती दिलेले लेखन सरकारी कचेरीत चालत नसे.

या काळात डूडेन यांच्या कोशाचा प्रसार वाढत गेला. शाळा, प्रकाशक आणि वृत्तपत्रे यांनी सोय म्हणून तो स्वीकारला. १८९२ मध्ये स्वित्झर्लंडच्या संघ सरकारने त्याला अधिकृत मान्यता दिली. अशा रीतीने शासकीय आज्ञेपेक्षा प्रत्यक्ष वापरातून एकरूपता येत गेली.

१९०१ ची दुसरी परिषद

१७ ते १९ जून १९०१ या तीन दिवसांत बर्लिन येथे दुसरी परिषद भरली. तिच्यात डूडेन यांचाही सहभाग होता. या वेळी आमूलाग्र सुधारणांचा आग्रह कोणी धरला नाही. मूळ जर्मन शब्दांतील 'टे' या वर्णापुढचा निरुपयोगी 'हा' गाळण्यात आला. त्यामुळे 'टाल' (दरी), 'ट्यूर' (दार) आणि 'टून' (करणे) हे शब्द सुटसुटीत झाले. 'थ्रोन' (सिंहासन) या परक्या शब्दातील 'हा' मात्र तसाच राहिला. परक्या शब्दांतील 'त्से' या वर्णाच्या जागी उच्चाराप्रमाणे 'का' किंवा 'त्सेट' लिहिण्याकडे कल वाढला. १९०२ मध्ये साम्राज्याच्या संघपरिषदेने या नियमांना संमती दिली आणि १९०३ पासून ते शाळांत व कचेऱ्यांत लागू झाले. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांनीही ते स्वीकारले. जर्मन भाषक देशांना प्रथमच एक समान लेखनपद्धत मिळाली.

डूडेन यांच्या दृष्टीने मात्र हा वाटेवरचा मुक्काम होता. एकरूपता साधली, आता उच्चाराच्या दिशेने पुढची पावले टाकावीत, अशी त्यांची अपेक्षा होती. ती त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही.

लांब सामासिक विशेषणे आणि अक्षरविभागणी

शब्द कोठे तोडावा हा शुद्धलेखनाच्या नियमांतील एक नित्य उपयोगाचा भाग आहे. जर्मन भाषेत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तीत समास मोकळेपणाने होतात आणि सामासिक शब्द सलग लिहिला जातो. ओळीच्या अखेरीस असा लांब शब्द मावला नाही, तर संयोगचिन्ह देऊन त्याचा उरलेला भाग पुढील ओळीत न्यावा लागतो. येथे 'अक्षर' ही संज्ञा एका स्वराभोवती एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या ध्वनिसमूहासाठी वापरली आहे; लिपीतील सुट्या चिन्हास 'वर्ण' म्हटले आहे.

शब्दसिद्धी: जर्मन सामासिक विशेषणाचे अंतिम पद विशेषण असते. तेच पूर्ण शब्दाची जात ठरवते आणि लिंग, वचन व विभक्ती यांचे प्रत्ययही त्यालाच लागतात. आधीची पदे अर्थ मर्यादित करतात. मराठी वाचकाला यांतील बहुतेक प्रकार समासांच्या परिचयामुळे ओळखीचे वाटतील. 'श्नेवाइस' म्हणजे बर्फासारखा शुभ्र. हा 'हिमधवल'प्रमाणे उपमानाचा कर्मधारय होय. 'झ्युसझाउअर' म्हणजे आंबटगोड. येथे दोन्ही पदे विशेषणे आहेत. 'हिल्फ्सबेराइट' म्हणजे मदतीस तत्पर आणि 'आल्टर्सश्वाख' म्हणजे वयोमानाने दुर्बल. हे तत्पुरुषासारखे आहेत. 'ब्लाउऑयगिश' म्हणजे निळ्या डोळ्यांचा; संस्कृतातील 'नीलनेत्र' या बहुव्रीहीचा हा अर्थ जर्मनमध्ये 'इश' असा उच्चारला जाणारा विशेषणप्रत्यय जोडून साधला जातो.

'हिल्फ्सबेराइट' आणि 'आल्टर्सश्वाख' या शब्दांत दोन पदांच्या मध्ये 'एस' हा वर्ण आला आहे. षष्ठीच्या जुन्या प्रत्ययातून आलेला हा वर्ण आता केवळ सांधा जोडण्याचे काम करतो. शब्द तोडताना तो नेहमी आधीच्या पदाकडे राहतो.

विभागणीचे नियम: १९०१ च्या नियमांत दोन तत्त्वे एकत्र नांदतात. साधा शब्द उच्चाराप्रमाणे तुटतो. दोन स्वरांमधील एकटे व्यंजन पुढील अक्षराकडे जाते आणि अनेक व्यंजने असल्यास त्यांतील शेवटचे पुढे जाते. सामासिक आणि उपसर्गयुक्त शब्द मात्र प्रथम घटकांच्या सांध्यावर तुटतो. प्रत्ययांबाबत फरक आहे. व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय स्वतंत्र राहतो, तर स्वराने सुरू होणारा प्रत्यय मागचे व्यंजन आपल्याकडे ओढून घेतो.

'फेरआंटवोर्टुंग्सबेवुस्ट' (जबाबदारीची जाणीव असलेला) या विशेषणात ही सर्व तत्त्वे एकत्र पाहता येतात. 'आंटवोर्ट' म्हणजे उत्तर. त्याला 'फेर' हा उपसर्ग आणि 'उंग' हा प्रत्यय लागून जबाबदारी या अर्थाचे नाम होते. पुढे सांध्याचा 'एस' येतो आणि शेवटी 'बेवुस्ट' (जाणीव असलेला) हे विशेषण. याची विभागणी 'फेर-आंट-वोर-टुंग्स-बे-वुस्ट' अशी सहा अक्षरांत होते. पहिल्या सांध्यावर उपसर्गातील अंत्य वर्ण पुढे सरकत नाही. 'उंग' हा स्वरादी प्रत्यय असल्याने 'टे' त्याच्याकडे जातो. सांध्याचा 'एस' आधीच्या पदाबरोबर राहतो. याउलट 'लांट-विर्ट-शाफ्ट-लिश' (शेतीविषयक) या विशेषणात 'शाफ्ट' आणि 'लिश' हे दोन्ही प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असल्यामुळे शब्दाचे घटक आणि त्याची अक्षरे नेमकी जुळतात.

घटकांच्या सांध्याला इतके महत्त्व का, हे काही नामांवरून लक्षात येते. एकाच वर्णानुक्रमाचा शब्द 'वाख-श्टूबे' असा तोडला तर पहारेकऱ्यांची खोली आणि 'वाक्स-टूबे' असा तोडला तर मेणाची नळी असा अर्थ होतो. ओळीच्या शेवटी शब्द चुकीच्या जागी तुटल्यास वाचक भलत्याच अर्थाकडे वळतो.

विशेष बाबी: 'एस' आणि 'टे' ही जोडी १९०१ च्या नियमांनुसार साध्या शब्दांत तोडायची नव्हती. जुन्या फ्राक्टुर लिपीच्या छपाईत या जोडीचा एकच खिळा असे, त्यामुळे जुळाऱ्यालाही ती एकसंध ठेवणे सोयीचे होते. 'फेन-स्टर' (खिडकी) ही विभागणी या नियमाची होती. 'त्से' आणि 'का' यांची जोडी ओळीच्या शेवटी आल्यास दोन 'का' लिहून तोडली जाई; 'त्सुक-कर' (साखर) असे तिचे रूप होई. 'श्नेल' (वेगवान) आणि 'लेबिश' (जीवनाचा) यांच्या समासात तीन 'एल' एकत्र येतात. विसाव्या शतकात रूढ असलेल्या पद्धतीनुसार स्वरापूर्वी त्यांतील एक गाळला जाई. मात्र शब्द ओळीच्या अखेरीस तुटला की गाळलेला वर्ण पुन्हा लिहावा लागे. ग्रीक-लॅटिन मूळ असलेले शब्द मूळ घटकांप्रमाणे तोडायचे होते. त्यामुळे 'पेडागोगिश' (शैक्षणिक) हे विशेषण 'पेड' या ग्रीक घटकानंतर तुटे. ग्रीक न शिकलेल्या विद्यार्थ्याला हा नियम केवळ पाठांतराने साधत असे.

मुद्रकांचा कोश

१९०१ च्या नियमांत अनेक शब्दांची दोन-दोन रूपे मान्य होती. शाळेसाठी ही सवलत उपयोगी होती. छापखान्यात मात्र एकाच पुस्तकात दोन रूपे येऊन चालत नसे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड येथील मुद्रकसंघांच्या प्रेरणेने डूडेन यांनी १९०३ मध्ये खास छापखान्यांसाठी कोश तयार केला. त्यात शक्य तेथे एकच रूप निश्चित केले होते. हा 'मुद्रकांचा डूडेन' सामान्य कोशापेक्षा अधिक काटेकोर होता. १९१५ मध्ये दोन्ही कोश एकत्र करून नववी आवृत्ती काढण्यात आली आणि तेव्हा प्रथमच 'डूडेन' हे नाव ग्रंथाच्या शीर्षकात आले. मुद्रकांच्या कोशातील काटेकोरपणा अशा रीतीने सर्वसाधारण वाचकाच्या आणि शाळेच्याही वाट्याला आला.

अखेरची वर्षे

१९०५ मध्ये डूडेन सेवानिवृत्त झाले आणि वीसबाडेनजवळील झोनेनबेर्ग येथे राहावयास गेले. त्याच वर्षी कोशाची आठवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. १ ऑगस्ट १९११ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी झोनेनबेर्ग येथे त्यांचे निधन झाले. ज्या गावी त्यांनी सर्वाधिक काळ सेवा केली त्या हेर्सफेल्ड येथे त्यांचे दफन करण्यात आले.

मृत्यूनंतर

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली आणि डूडेन कोशाच्याही दोन स्वतंत्र परंपरा सुरू झाल्या. पूर्व जर्मनीत लाइपझिग येथून आणि पश्चिम जर्मनीत मानहाइम येथून वेगवेगळ्या आवृत्त्या निघत. दोन राज्यांच्या राजकीय व सामाजिक शब्दसंग्रहात पडलेला फरक त्यांत दिसतो. लेखनाचे मूलभूत नियम मात्र दोन्हीकडे समान राहिले. जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९१ मध्ये एकच संयुक्त आवृत्ती प्रसिद्ध झाली.

पश्चिम जर्मनीत राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी १९५५ मध्ये असा ठराव केला, की लेखनाबाबत शंका आल्यास डूडेन कोश प्रमाण मानावा. १९९६ च्या लेखनसुधारणेपर्यंत ही स्थिती होती. या सुधारणेने शब्दविभागणीत महत्त्वाचे बदल केले. 'एस' आणि 'टे' यांची जोडी आता तोडता येते, म्हणून खिडकीचा शब्द 'फेन्स-टर' असा विभागला जातो. 'त्से' आणि 'का' यांची जोडी अखंडपणे पुढील ओळीत जाते. 'श्नेल' आणि 'लेबिश' यांच्या समासात तिन्ही 'एल' लिहिले जातात, त्यामुळे शब्द तोडताना वर्ण वाढवावा लागत नाही. ग्रीक-लॅटिन शब्द उच्चाराप्रमाणे तोडण्यासही मुभा मिळाली.

याच सुधारणेतील शब्द जोडून अथवा तोडून लिहिण्याच्या नियमांवर मात्र तीव्र वाद झाला. पूर्वी जोडून लिहिली जाणारी 'फीलफेरश्प्रेखेंट' (आशादायक) यांसारखी विशेषणे १९९६ च्या नियमांनुसार दोन शब्दांत लिहावयाची होती. २००४ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन शुद्धलेखन मंडळाच्या शिफारशींनुसार २००६ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि अशा शब्दांची दोन्ही रूपे मान्य करण्यात आली. नियम ठरवण्याचा अधिकार आता या मंडळाच्या शिफारशींवर आधारलेला आहे. डूडेन हा एका प्रकाशनसंस्थेचा कोश आहे. तरीही त्याचा वापर व्यापक आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८ व्या आवृत्तीत सुमारे १,४८,००० शब्द आहेत.

डूडेन यांच्या स्मरणार्थ मानहाइम नगराच्या वतीने भाषाअभ्यासकांना 'कोनराड डूडेन पुरस्कार' दिला जातो. वेझेल येथील एका माध्यमिक शाळेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

मूल्यमापन

डूडेन यांनी जर्मन लेखनाचे नियम एकट्याने घडवले, असा समज आढळतो. प्रत्यक्षात राउमर यांचे तत्त्वविवेचन, विल्मन्स यांची नियमपुस्तिका आणि दोन परिषदांतील चर्चा यांचा त्यात मोठा भाग आहे. इतरांनी केलेले नियम हजारो शब्दांना लागू करून ते सामान्य माणसाच्या हाती स्वस्तात देणे, हे डूडेन यांचे वैशिष्ट्य होय. मुलांना सोपे जावे म्हणून लेखन उच्चाराजवळ आणू पाहणाऱ्या या शिक्षकाचे नाव ज्या ग्रंथाला लाभले, तो पुढे काटेकोर प्रमाणाचे प्रतीक बनला आणि त्यातील नियम सुमारे ९५ वर्षे जवळजवळ अचल राहिले. १९०१ ची व्यवस्था तात्पुरती आहे, असे मानणाऱ्या डूडेन यांच्या चरित्रातील हा मोठा विरोधाभास आहे. १९९६ मध्ये अक्षरविभागणी उच्चाराच्या अधिक जवळ आली, तेव्हा त्यांनी १८७२ मध्ये ज्या तत्त्वाचा पुरस्कार केला होता त्या दिशेने जर्मन लेखनाने, मर्यादित क्षेत्रात का होईना, एक पाऊल टाकले.